परसातले राखणदार

गावच्या राखणदाराला आपण गोंयकार नेमाने नारळ ठेवतो. परसातले राखणदार मात्र देशाने विकायला काढले होते. एक, उंदीर खाणारी धामण. दुसरा, भातावरचे किडे खाणारा बेडूक. धामणीचं कातडं परदेशी जाई. सापाच्या कातड्यांची निर्यात १९७६ साली बंद झाली. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात थांबायला १९८७ साल उजाडलं. तोवर शेतात किड्यांसाठी औषधफवारणी रुळली होती. आज शेतातला हा मोठा बेडूक मारणं गुन्हा आहे. तरीही पहिला पाऊस पडला की आपल्याकडे माणसं बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतात आणि बेडूक ‘जंपिंग चिकन’ होऊन ताटात येतो. राखणदाराचा मान राखायचा, तर सुरुवात त्या ताटापासून व्हावी, असं मला वाटतं.