नळीवरचा पोचा

तांब्याच्या घागरीला पोचा पडला म्हणजे आपण ती तांबटाकडे देतो. तो आतून लोखंडाचा आधार धरतो, हलक्या हाताने ठोके घालतो आणि पत्रा पूर्ववत करतो. घागरीत पाणी ठरले की दुरुस्ती झाली. जुन्या बंदुकीच्या नळीवरचा पोचाही बव्हंशी याच रीतीने काढतात. परंतु ती दुरुस्ती खरी की देखाव्याची, हे ठरविण्याची व्यवस्था उभारण्यात इंग्लंडला दोन शतकांहून अधिक काळ खर्चावा लागला.

छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी दिसते तशी जाड नसते. बारा बोअर म्हणजे जिच्या पोकळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते अशी नळी. तिचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. काडतूस जेथे बसते तेथे धातू चांगला जाड असतो. पुढे मात्र तो पातळ होत जातो आणि कित्येक ठिकाणी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशा नळ्या लोखंड व पोलाद यांच्या कांबी एकत्र पिळून, त्यांची पट्टी गजाभोवती गुंडाळून आणि तापवून ठोकून सांधलेल्या असत. त्यांनाच दमास्कस नळ्या म्हणत. वेलबुट्टीसारखी नक्षी दिसे ती या पिळाची. अशा नळीवर पोचा पडला, तर छर्ऱ्यांच्या वाटेत उंचवटा उभा राहतो. पोचा खोल असेल, तर बार उडताना नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा संभव असतो.

कुशल कारागीर प्रथम नळी स्वच्छ करून तिची मापे घेतो. मग पोकळीत जेमतेम जाईल असा, किंचित निमुळता, तेल लावलेला दट्ट्या पोच्याखाली सरकवतो आणि तांब्याच्या किंवा पितळेच्या हातोडीने बाहेरून पोच्याच्या कडांवर हळूहळू ठोकतो. धातू थोडा वर आला की आधीच्याहून केसभर मोठा दट्ट्या घालतो. घाई केली तर पोच्याच्या जागी फुगवटा येतो, आणि फुगवटा हा पोच्याहून वाईट. कारण तेथे धातू ताणून पातळ झालेला असतो. शेवटी तो नळी खिडकीकडे धरून आत पाहतो. चौकटीच्या आडव्या दांडीची सावली आत सरळ रेघेसारखी उमटली तर ठीक. ती कोठे मोडलेली दिसली तर पोचा अद्याप उरला आहे.

या कामाला एक सोपी, पण घातक आडवाट आहे. पोच्याभोवतालचा धातू बाहेरून कानशीने घासावा, आतला उंचवटा खरडून काढावा आणि वर चकाकी द्यावी. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वडिलांची दुनळी अशीच दुरुस्त करून आणली होती. नळी आरशासारखी दिसत होती. मुलाला ती चालवायला देण्यापूर्वी त्यांनी एका वृद्ध कारागिराकडून नळीची जाडी मोजून घेतली, हे त्यांचे भाग्य. ही भिंतीवर शोभेल, खांद्याला लावू नका, एवढेच तो म्हणाला. पोचा वर काढता येतो. घासून गेलेला धातू परत आणता येत नाही.

डोळ्यांना न दिसणारा हा दोष उघडकीस यावा, यासाठीच परीक्षेची पद्धत जन्मली. १६३७ साली लंडनच्या बंदूककारांच्या संघास राजाची सनद मिळाली आणि लंडन व भोवतालच्या दहा मैलांतील नळ्या तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. नेहमीच्याहून बराच अधिक बार भरून नळी उडवायची. टिकली तरच तिच्यावर मुद्रा उठवायची. १८१३ साली बर्मिंगहॅमलाही कायद्याने असे परीक्षागृह झाले, आणि विशेष हे की ते तेथील धंदेवाल्यांनीच मागून घेतले होते. वाईट नळीमुळे चांगल्या कारागिराचेही नाव बुडते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १८६८ च्या कायद्याने जुनी मुद्रा कायमची ढाल उरली नाही. नंतरच्या फेरफारामुळे नळी कमजोर झाली असेल, तर ती अपरीक्षितच समजावी, असे ठरले.

त्या बंदुका आपल्या देशातही पुष्कळ आल्या. कारागिरीची आपल्याकडेही उणीव नव्हती. मीर कासीमने अठराव्या शतकात मुंगेर येथे शस्त्रनिर्मिती सुरू केली, तेव्हापासून तेथील हातांना ही विद्या ठाऊक आहे. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यानेही बंदुकीची दुरुस्ती आणि परीक्षा हे धंदे परवान्याखाली ठेवले आहेत. पुष्कळांना हा सरकारी जाच वाटतो. परंतु नळी फाटते तेव्हा ज्याने ती घासली तो दूर असतो. नळीखाली हात असतो तो दुसऱ्याचाच. त्या अनोळखी हातासाठी चांगला कारागीर आपले कसब परीक्षेपुढे ठेवतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.