मोटारीतील निखळलेला आरसा घरी चिकटवताना

मोटारीत मागचा रस्ता दाखवणारा आरसा बहुधा पुढच्या काचेवर चिकटवलेल्या धातूच्या लहान चकतीवर अडकवलेला असतो. उन्हात काच तापते, धातू व काच कमीअधिक प्रसरण पावतात आणि गोंदाची पकड सुटते. धावत्या गाडीत आरसा निखळला, तर चालकाची नजर नको त्या क्षणी रस्त्यावरून हटते. घरातला झटपट गोंद येथे फारसा टिकत नाही. तो ठिसूळ असल्याने उष्णता व हादरे सोसत नाही. आरशांसाठीचा खास गोंद घ्यावा. त्यासोबत बहुधा आधी लावायचे द्रव्यही मिळते.

चकतीच्या जागेची खूण काचेच्या बाहेरून करावी. जुना गोंद ब्लेडने खरवडून काच व चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. घाई नडते ती इथेच. बोटाचा तेलकट ठसाही पकड बिघडवतो. चकतीची दिशा आधीच तपासावी, कारण उलटी चिकटली तर सारे काम पुन्हा करावे लागते. गोंदाचा एखादा थेंब लावून ती मिनिटभर घट्ट दाबून धरावी. आरसा मात्र दुसऱ्या दिवशी अडकवावा. पावसाचा संवेदक किंवा विजेच्या तारा जोडलेला आरसा कारागिराकडेच न्यावा.