इनपुट घटनांची कालनोंद : लिनक्समधील घड्याळाच्या निवडीचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाविषयीचे लेखन बहुधा यंत्रांचा वेग, स्मृतीची क्षमता आणि उद्योगांमधील स्पर्धा यांपुरते मर्यादित राहते. कळ दाबली गेल्याचा अथवा माऊस हलल्याचा क्षण कार्यप्रणाली कोणत्या घड्याळावरून नोंदवते, हा प्रश्न त्या मानाने किरकोळ वाटतो. परंतु दोन नोंदींपैकी आधीची कोणती, हा इतिहासाच्या अभ्यासकाला सुपरिचित असलेला पेचच येथे तांत्रिक वेशात उभा राहतो. प्रस्तुत लेखात लिनक्स या कार्यप्रणालीच्या संदर्भात त्याचा मागोवा घेतला आहे.

युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ मधील पहिल्या मॅन्युअलनुसार वेळ १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जाई. ३२ बिटांच्या संख्येत ही मोजणी जेमतेम सव्वादोन वर्षे पुरणारी होती. पुढे सेकंद हे एकक आणि १ जानेवारी १९७० हा आरंभबिंदू रूढ झाला. १९८३ च्या ४.२ बीएसडीमधील ‘गेटटाइमऑफडे’ने सेकंद व मायक्रोसेकंद अशी दुपदरी वेळ उपलब्ध करून दिली. ही दिनदर्शिकेची वेळ होय. फाइल केव्हा बदलली, हे सांगण्यास ती सर्वथा योग्य आहे.

लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत (जानेवारी २००१) समाविष्ट असलेल्या इनपुट उपप्रणालीने प्रत्येक घटनेवर हीच वेळ उमटवली. वास्तविक वेगळा मार्ग आधीच उपलब्ध होता. १९८७ च्या एक्स ११ या चित्रप्रणालीच्या नियमावलीत घटनांची वेळ मिलिसेकंदांत, सामान्यतः सर्व्हर सुरू झाल्यापासून, मोजलेली असे. हा गणक सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येई आणि त्याचा तारखेशी काहीही संबंध नसे. घटनांना तारखेपेक्षा क्रमाची गरज अधिक असते, हे तिच्या रचनाकारांनी ओळखले होते, असे म्हणावे लागते.

दिनदर्शिकेच्या घड्याळाचा दोष असा, की ते मागे सरकवता येते. वापरकर्ता ते बदलू शकतो. जाळ्यावरून वेळ जुळवणारी ‘एनटीपीडी’ ही आज्ञावलीदेखील १२८ मिलिसेकंदांहून अधिक फरक काही काळ टिकून राहिला, तर सर्वसाधारणपणे घड्याळाला एकदम उडी मारायला लावते. समजा, दोन क्लिकमध्ये २०० मिलिसेकंदांचे अंतर आहे आणि नेमके त्या दरम्यान घड्याळ एक सेकंद मागे गेले. मग दुसरी क्लिक पहिलीच्या ८०० मिलिसेकंद आधी झाल्याचे नोंदीवरून दिसते. कळ सोडल्याची वेळ ती दाबल्याच्या आधीची ठरू शकते.

कधीही मागे न जाणारे ‘मोनोटॉनिक’ घड्याळ २००१ च्या पॉझिक्स मानकात आले होते. अँड्रॉइडमध्येही स्पर्शाच्या घटनांची वेळ यंत्र सुरू झाल्यापासून मोजली जाते. मात्र लिनक्सच्या इनपुट उपप्रणालीत ही निवड जॉन स्टुल्ट्झ यांच्या बदलामुळे मे २०१२ च्या ३.४ या आवृत्तीत उपलब्ध झाली. कालनोंदीचा रकाना हा कर्नल व आज्ञावल्या यांच्यातील कराराचा भाग असल्याने जुना अर्थ सरसकट बदलणे शक्य नव्हते. म्हणून उपकरण उघडणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला आपले घड्याळ निवडण्याची मुभा देण्यात आली. परिणामी कळ एकदाच दाबली, तरी दोन वाचकांना तिच्या दोन निराळ्या वेळा मिळू शकतात! काहींना ही तडजोड भित्री वाटेल. प्रस्तुत लेखकास ती योग्य वाटते.

नव्या घड्याळालाही मर्यादा होत्या. यंत्र निद्रावस्थेत असताना लिनक्सचे मोनोटॉनिक घड्याळ थांबते. त्यामुळे तो काळही मोजणाऱ्या ‘बूटटाइम’ घड्याळाचा पर्याय २०१५ च्या ४.० या आवृत्तीत जोडला गेला. शिवाय ही दोन्ही घड्याळे यंत्र पुन्हा सुरू होताच आरंभापासून मोजू लागतात. दोन यंत्रांवरील नोंदी ताडून पाहणाऱ्या तपासकाला अशी वेळ एकटी उपयोगी पडत नाही. त्याला तारीखच हवी असते.

तारखेचाही अंत जवळ आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येतील सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. २०१८ च्या ४.१६ या आवृत्तीत इनपुट घटनेतील सेकंद चिन्हविरहित मानण्याची सोय करून, ३२-बिटी यंत्रांवर ही मुदत २१०६ पर्यंत वाढवण्यात आली. लिनक्स डेस्कटॉपवर इनपुट हाताळणारी ‘लिबइनपुट’ स्वतःसाठी मोनोटॉनिक घड्याळ मागून घेते. जी आज्ञावली काहीच मागत नाही, तिला आजही दिनदर्शिकेचीच वेळ मिळते.