कुणाच्या हातचं, कुणाच्या पंगतीला

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली युरोप पाहायला गेले आणि परतीच्या वाटेवर, 30 नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथल्या पालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचं दहन झालं. 1874 साली त्या जागी छत्री उभी राहिली. ती आखली चार्ल्स मँट यांनी. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा आखणारे हेच मँट. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, परक्याच्या हातचं खाल्लं की जात जाते, असं मानण्याचे ते दिवस होते. त्या दिवसांत कोल्हापूरचा एक तरुण राजा जग पाहायला बाहेर पडला होता.

इटलीत शिकत असताना मी त्या छत्रीपाशी जाऊन आले. मी पोलेन्झोच्या गॅस्ट्रॉनॉमिक सायन्सेस विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. 1986 साली रोममध्ये मॅकडोनाल्ड्सला विरोध करताना कार्लो पेत्रिनी यांच्याभोवती स्लो फूडची चळवळ आकाराला आली. त्याच चळवळीने 2004 साली पेत्रिनींच्या ब्रा या गावाशेजारी हे विद्यापीठ सुरू केलं. तिथे वर्गाइतकंच शिक्षण शेतात, चीजच्या तळघरात आणि बाजारात होतं. खाण्यासाठी येणारा प्रवासी, त्याला वाढणारा व्यावसायिक आणि पिकवणारा शेतकरी यांचं अर्थकारण कसं जुळवायचं, हा माझा अभ्यास होता. प्रबंधाला मी कोल्हापूर घेतलं. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, गूळ अशी यादी घेऊन गेले, तर मार्गदर्शक बाईंनी यादी बाजूला ठेवून विचारलं, ‘तुमच्या गावात परक्या माणसाला पहिल्यांदा कुणी वाढलं? आणि कुणाला वाढलं नाही?’

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला माझं गाव नव्याने कळलं.

अंबाबाईच्या दर्शनाला आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली. त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या, अन्नदान होतं, पण पंगत जातीची होती. पाहुण्याचं पोट भरण्याआधी त्याची जात विचारली जाई. ज्यांना देवळातच प्रवेश नव्हता त्यांना पानावर कोण बसवणार? यात्रेकरू भाकरी फडक्यात बांधून आणत. त्यात काटकसर होती, तशीच दुसऱ्याच्या हातचं न खाण्याची रीतही होती.

मग चक्रं फिरली. 1891 साली मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला आली. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिथे गुळाचा बाजार उभा राहिला. पन्हाळ्याकडून, करवीरच्या गावांतून गाड्या भरून गुळाचे रवे येऊ लागले. सौदा होईपर्यंत शेतकरी, हमाल, अडते आणि परगावचे व्यापारी बाजारातच. ज्या गावात दिवसभर इतकी परकी माणसं थांबतात, तिथे शिजवून विकणारा लागतोच. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यामागे या पेठेची शतकभराची उलाढाल आहे.

दुसरी परकी माणसं म्हणजे विद्यार्थी. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा होती, पण राहायची-जेवायची सोय नव्हती, आणि त्याला घरात घेऊन वाढणारं घर जात पाहूनच वाढणार. महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिक्षणाचा प्रश्न त्यांनी ताटापासून सोडवायला घेतला, असं मी प्रबंधात लिहिलं आणि आजही तसंच मानते.

पण ताट मिळालं म्हणून पंगत एक झाली नाही. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ते मानलं नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो विद्यार्थी म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र जेवायला बसवणाऱ्या कर्मवीरांचा पहिला धडा असा जेवणघराच्या दारात गिरवलेला आहे.

आता गंगाराम कांबळे यांच्याकडे येते, कारण माझ्या मते कोल्हापूरच्या खाद्यव्यवसायाचा इतिहास इथे वळण घेतो. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सोबतच्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. एवढ्यावर थांबते तरी न्याय झाला असं लोक म्हणाले असते. महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, भांडवल दिलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. 1920 च्या आसपास भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडलं.

अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार कुठून? तर महाराज स्वतः आले. फेरफटक्याला निघाले की गाडी हॉटेलसमोर थांबवत, भर रस्त्यात गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागे. सहीसाठी आलेल्यांना महाराज तिथेच बोलावत, असंही कोल्हापुरात सांगितलं जातं. 1919 साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करणारे हुकूम निघाले होते. हुकूम कागदावर असतो, तो माणसांच्या घशाखाली उतरवायला चहाचा कप लागला. 1922 साली महाराज गेले. त्यांचं पहिलं स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो गंगाराम कांबळे यांनीच.

व्यवसाय शिकणारी विद्यार्थिनी म्हणून मला यात भांडवल, जागा आणि पहिलं गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी दिसतात. उद्योजकतेच्या वर्गात याच तिन्हींवर तासन्‌तास बोलणं होई. गंगारामांकडे कष्ट होते, हुशारी होती. अडलं होतं ते समाजाने गिऱ्हाईकच बंद केल्यामुळे.

माझी आई शाहूपुरीत घरगुती खानावळ चालवते. महिन्याच्या बोलीवर जेवणारी मुलं, बाजारातले दिवाणजी, औषधकंपन्यांचे फिरते विक्रेते. बुधवारी आणि रविवारी मटण. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवायचं, त्याचं पाणी, ज्याला ‘अळणी’ म्हणतात, ते बाजूला काढायचं आणि त्या एका पाण्यातून दोन रस्से करायचे. तांबड्याला उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी. पांढऱ्याला खसखस, तीळ, काजूचं वाटण, अख्खा गरम मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडलं की आई पातेल्यापासून हलत नाही, कारण खळखळून उकळी फुटली तर रस्सा फाटतो. वाटी दुसऱ्यांदा भरून द्यायचे पैसे नाहीत. आणि तिच्या खानावळीत कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. ही रीत आपोआप आलेली नाही. त्यासाठी कुणी मार खाल्ला, कुणी बोर्डिंग सोडलं, कुणी रस्त्यात उभं राहून चहा प्यायलं.

माझं विद्यापीठ होतं त्या पिएमोंते प्रांतात लोक आपली गरिबी लपवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची टंचाई होती म्हणून आल्बात हेझलनट मिसळून गोड वडी बनवली गेली आणि पुढे त्यातूनच न्युटेला जन्माला आलं, हे ते अभिमानाने सांगतात. आपण मात्र परगावच्या पाहुण्याला झणझणीतपणा आणि पैलवानांचा खुराक एवढंच सांगतो. खासबागचं कुस्तीचं मैदान सांगावंच, गंगावेशीत समोर म्हैस पिळून मिळणारं धारोष्ण दूधही पाजावं. पण रांगडेपणा ही कोल्हापूरच्या चवीची अर्धीच ओळख आहे. उरलेली अर्धी ओळख पंगत मोठी करण्याच्या लढाईची आहे. ती वगळून विकलेली खाद्ययात्रा मला खोटी वाटते.

म्हणून गावी परतल्यावर मी जी खाद्यफेरी आखली आहे तिची सुरुवात रश्श्याने होत नाही. टाउन हॉलपाशी जमायचं, भाऊसिंगजी रोडवर चहा घ्यायचा, गंगाराम कांबळे यांची हकिकत ऐकायची. पुढे बोर्डिंगं, मग शाहूपुरीतला गूळ आणि शेवटी आईच्या खानावळीत जेवण, सगळ्यांनी एका ओळीत बसून. पर्यटक याचे पैसे देतील का, असं मला विचारतात. देतील, अशी माझी खात्री आहे. चव कुठेही विकत मिळते. ती चव सर्वांना खुली कशी झाली, हे ऐकायला मात्र कोल्हापुरातच यावं लागेल.