नखाला लागणारी भेग

दार ढकलताच नाकात वास शिरतो तो सायकलींचा. रबर, चेनला लावायचं वंगण आणि त्यात मिसळलेला ताज्या ढलप्यांचा गोडसर वास. साल १९०३. ओहायो राज्यातल्या डेटन गावी, वेस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या राइट बंधूंच्या दुकानात तुम्ही उभे आहात. दुकानाचा मेकॅनिक चार्ली टेलर इंजिनाशी झटतोय आणि दोघे भाऊ तावातावाने भांडताहेत. भांडण इतकं लांबलंय की मघाशी विल्बर जे ठासून सांगत होता, ते आता ऑर्व्हिल सांगतोय, आणि ऑर्व्हिलचं जुनं म्हणणं विल्बरच्या तोंडी आलंय. तुम्ही मध्ये पडू नका. यातूनच काहीतरी निघणार आहे.

वाद विमानाच्या पंख्याचा आहे. त्यांना वाटलं होतं, आगबोटीचा पंखा इतकी वर्षं पाण्यात फिरतोय, तेव्हा त्याचं गणित पुस्तकात मिळेल. पाण्याच्या जागी हवा घातली की झालं. ग्रंथालय धुंडाळल्यावर कळलं की जहाजवाले करून-बघूनच पंखे घडवतात. शिवाय आगबोटीच्या पंख्याला इंग्रजीत स्क्रू म्हणायची सवय. लाकडात मळसूत्र घुसावं तसा पंखा हवेत घुसतो, अशी त्यामुळे समजूत. पण हवा लाकडासारखी जागेवर थांबत नाही. पंखा फिरतोय, विमान पुढे चाललंय, हवा मागे सरकतेय. मोजायला सुरुवात करायची कुठून?

मराठीत हे कोडं शब्दानेच निम्मं सोडवलंय: पंख आणि पंखा. भाऊही शेवटी तिथेच पोचतात. पंख हवेतून पुढे सरकला की त्याच्यावर वरच्या दिशेने उचल येते. तोच पंख उभा धरून गरागरा फिरवला, की ती उचल पुढच्या दिशेला वळते आणि विमान पुढे रेटलं जातं.

भिंतीशी टेकवलेला तयार पंखा बघा. स्प्रूस लाकडाच्या तीन फळ्या एकावर एक चिकटवल्या, छोट्या कुऱ्हाडीने घडवल्या, मग दोन मुठींच्या पात्याने अंगाकडे ओढत तासल्या. टोकं फाटू नयेत म्हणून त्यांच्यावर पातळ कापड डकवलंय. लांबी साडेआठ फूट. मधोमध पातं चांगलंच तिरपं आहे, आणि टोकाकडे जाताना ते हळूहळू आडवं होत जातं. हा पीळ सुतारकामाची हौस म्हणून आलेला नाही. पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेईल, तेव्हा आसापासून वीतभर अंतरावरचा भाग ताशी पंचवीसेक किलोमीटरने, म्हणजे जोरात हाणलेल्या सायकलच्या वेगाने फिरत असेल. त्याच क्षणी टोक मात्र ताशी १७० किलोमीटरने हवा कापत असेल. इतक्या वेगवेगळ्या वेगांना हवा योग्य कोनात भिडायची, तर पात्याचा तिरपेपणा इंचाइंचाला बदलायलाच हवा. पुढे अशाच पंख्यांच्या नकला वारा-बोगद्यात तपासल्या गेल्या, तेव्हा इंजिनाच्या शक्तीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ते रेट्यात बदलतात असं दिसलं. सायकल दुकानात हाताने तासलेले पंखे!

अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवरून अलगद फिरवून बघा. गुळगुळीत आहे. ही सवय लावून घ्या, पुढे लागेल.

नोव्हेंबर संपत आलाय. विमान उडवायच्या जागी, किटी हॉकजवळ किल डेव्हिल हिल्सच्या वाळूत, छपराखाली, तुमचे दात थंडीने वाजताहेत. इंजिन सुरू होताना इतके हिसके देतं की पंख्यांचे पोकळ दांडे आधीच एकदा निखळले होते. ते डेटनला जाऊन मजबूत होऊन आले. मग दातेरी चाकं सुटायला लागली, तर भावांनी त्यांच्या आट्यांत सायकलचं टायर रिमला चिकटवायचं सिमेंट ओतलं, आणि ती घट्ट बसली. (दुकानदार माणूस हातातल्या वस्तूनेच विचार करतो.) पण २८ तारखेला एका दांड्यावर केसासारखी रेघ दिसते. नख लावून बघा. हो, अडकतंय.

विमान तयार आहे, हिवाळा डोक्यावर आलाय, सॅम्युअल लँग्ली सरकारी पैशातून बांधलेलं विमान घेऊन शर्यतीत आहेत. एवढ्याशा रेघेकडे डोळेझाक करायला यापेक्षा चांगली सबब मिळणार नाही. ऑर्व्हिल दोन दिवसांत सामान बांधतो आणि डेटनला निघतो. तिथे पोलादाचे भरीव दांडे बनवून घेतो. ८ डिसेंबरला लँग्लींचं विमान पोटोमॅक नदीत कोसळतं. ११ तारखेला ऑर्व्हिल परततो, आणि १७ डिसेंबरला तुम्ही पहिल्या उड्डाणाचे ते बारा सेकंद बघता, १२० फुटांचे. त्या उड्डाणाच्या छायाचित्रात पंख्यांमागचे दांडे कोणी शोधत नाही, तुम्ही शोधाल.

आता थोडं पुढे. १७ सप्टेंबर १९०८, फोर्ट मायर, व्हर्जिनिया. टेकडीवर गर्दी आहे. ऑर्व्हिल सैन्याला विमान दाखवतोय, शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसलाय. आज पंखे नवे आहेत, नेहमीपेक्षा काही इंच लांब. मैदानाभोवती तीन फेऱ्या सुरळीत होतात. मग पाठीमागून हलकी टकटक. ऑर्व्हिल मान वळवून बघतो, काही दिसत नाही. उतरायचं ठरवतो, तेवढ्यात दोन दणके बसतात. उजव्या पंख्याच्या एका पात्यावर लांबीच्या दिशेने तडा गेलाय. तडकलेलं पातं सपाट होतं, हवा सोडून देतं. दुसरं मात्र जोराने रेटतच राहतं. अर्धा पंखा काम करतोय, अर्धा नाही, म्हणून सगळं थरथरतं आणि पंखा आपल्या जागेवरून डगमगतो. पातं मागच्या सुकाणूच्या तारेत अडकतं, तार उपटली जाते, विमान नाकावर येतं. ऑर्व्हिलचा पाय आणि बरगड्या मोडतात. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी जातो: इंजिनावर चालणाऱ्या विमानाच्या अपघातात प्राण गमावणारा पहिला माणूस.

धूळ बसल्यावर लाकडाचा तो तुकडा तुम्ही उचलाल. पण आता त्यावर नख फिरवून उपयोग नाही.

जुहू. १५ ऑक्टोबर १९३२. ओलसर, खारट वारा. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन निघालेलं जे.आर.डी. टाटांचं छोटं पुस मॉथ इथे उतरलंय. अहमदाबादला त्याच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पुढे हेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला नेणार. त्या काळची अशी विमानं सुरू कशी करत, ते इथे थांबून बघाच.

पंखा हातानेच फिरवायचा. मेकॅनिक आधी ओरडून विचारतो, ‘स्विचेस ऑफ?’ आतून उत्तर आलं की पातं हाताने दोनतीनदा फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घेतो. मग ‘कॉन्टॅक्ट!’, एक जोरदार हिसका, आणि मागे पाऊल. हात त्याच दिशेला काढायचा, बोटं पात्याभोवती कधीही आवळायची नाहीत. इंजिन तोंडावर उलटा झटका मारू शकतं. आणि स्विच बंद असला तरी पंखा मेलेला समजायचा नाही. पंखा फिरला की इंजिनातला मॅग्नेटो स्वतःच ठिणगी पाडतो. बंद केलेला स्विच फक्त एका तारेने त्याची वीज इंजिनाच्या धडाकडे वळवतो. ती एक तार तुटलेली असेल, तर ‘ऑफ’ हा नुसता शब्द उरतो. मग साफसफाई करताना कोणी पातं सहज फिरवलं तरी इंजिन जागं होतं. फिरायला लागला की पंखा डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तर तो धोक्याचा.

लाकडी पंख्याला आपला पावसाळा सोसत नाही. लाकूड फुगतं, आकसतं, म्हणून बोल्टचा ताण पुन्हा पुन्हा तपासायचा. विमान उभं करताना पंखा आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो. पुढे धातूचे पंखे आले तेव्हा ही पंचाईत संपली, दुसरी सुरू झाली: खडी. धावपट्टीवरचा एखादा खडा पात्याच्या पुढच्या कडेला टवका पाडतो. वरवर बघता ती वस्तऱ्याच्या धारेतल्या दात्याएवढी खाच. पण फिरताना पात्याला काही टनांची ओढ बाहेरच्या बाजूने बसत असते, आणि ती नेमकी त्या खाचेच्या तळाशी एकवटते. तिथून भेग चालू लागते. म्हणून मेकॅनिक कानशीने तो टवका घासतो, त्याच्या खोलीच्या दहापट लांब असा उथळ खळगा करतो, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतो. मग त्यावर रंगीत द्रव लावतो. भेग उरली असेल तर ती तो शोषून घेते आणि रेघ उमटते. नख अडकेनासं होईपर्यंत घासायचं, हे या कामातलं पहिलं शहाणपण.

याच शहाणपणाची दुसरी बाजू बघायला शेवटची उडी. जून १९९४, रॉक हिल, साउथ कॅरोलिना. पंखे बनवणाऱ्या कंपनीची कार्यशाळा, झगझगीत उजेड. बाकावर एका ब्रासिलिया विमानाच्या डाव्या पंख्याचं पातं आहे. त्याच्या बुंध्याशी आतून निमुळतं भोक आहे. तोल साधण्यासाठी त्यात शिशाची लोकर भरतात आणि वर बूच बसवतात. हे बूच क्लोरीनने पांढरं केलेलं असतं. ओल धरली की आतल्या ॲल्युमिनियमला गंज लागतो आणि बारीक खड्डे पडतात. ध्वनिलहरींच्या तपासणीत या पात्यातून खूण मिळाली होती, म्हणूनच ते इथे आलंय. तंत्रज्ञ भोकात दुर्बिणीसारखी नळी घालून नीट बघतो. गंज नाही, भेग नाही. कार्यशाळेच्या नियमानुसार अशी खूण हत्याराच्या ओरखड्यांमुळेही मिळू शकते. म्हणून तो आतली भिंत घासून गुळगुळीत करतो. टवका घासणाऱ्या त्या मेकॅनिकने केलं असतं तेच.

पुन्हा ध्वनिलहरी सोडतात. या वेळी खूण येत नाही, कारण ती जिथून यायची तो पृष्ठभागच आता बदललाय. भेग आत जशीच्या तशी आहे.

तुम्हाला तारीख माहीत आहे: २१ ऑगस्ट १९९५. अटलांटाहून गल्फपोर्टला निघालेलं विमान १८,००० फुटांच्या आसपास असेल, आत २९ माणसं असतील. याच पात्याचा मोठा भाग तुटून जाईल, इंजिन आपल्या जागेवरून उखडल्यासारखं लोंबेल, आणि वैमानिक कॅरलटनजवळच्या एका शेतापर्यंत विमान कसंबसं नेतील. कॅप्टनसह आठ मृत्यू तपास-अहवालात नोंदले जातील.

इथे मात्र अजून जूनच आहे. पातं पॅक करायला न्यायच्या आधी क्षणभर बाकावर एकटंच पडलंय. तंत्रज्ञ हात धुवायला गेलाय. तुम्ही वाकता, भोकात अंगठा घालता, आणि भिंतीवरून त्याचं नख फिरवता.

नख कुठेच अडकत नाही.