संयुक्त मालकीचे घर : लाभ, जबाबदारी आणि बाहेर पडण्याची वाट

महानगरांतील घरांच्या किमती एकाच्या उत्पन्नात बसेनाशा झाल्याने पती-पत्नी, भावंडे किंवा आई-वडील व मुले यांनी मिळून घर विकत घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. दोन उत्पन्ने एकत्र आल्याने कर्ज अधिक मिळते आणि हप्त्याचा भार वाटला जातो, हे तिचे उघड लाभ आहेत. मात्र संयुक्त मालकीत शिरणे जितके सोपे, तितके तिच्यातून बाहेर पडणे सोपे नाही. त्यामुळे असे घर घ्यावे की नाही, हे केवळ कर्ज किती मिळते यावरून ठरवू नये. कोणाचा हिस्सा किती आणि पुढे वाटा वेगळ्या झाल्यास काय, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवणे हिताचे ठरते.

संयुक्त मालकी म्हणजे काय

घराच्या खरेदीखतात दोन किंवा अधिक व्यक्तींची नावे खरेदीदार म्हणून नोंदली गेली, की त्या व्यक्ती सहमालक ठरतात. त्यांचा हिस्सा अविभक्त असतो. एक खोली एकाची व दुसरी दुसऱ्याची, अशी ही विभागणी नसून संपूर्ण घरात प्रत्येकाचा ठरावीक प्रमाणात हक्क असतो. प्रत्येक सहमालकास घराचा वापर करता येतो व आपला हिस्सा हस्तांतरित करता येतो. संपूर्ण घर विकायचे असेल, तर मात्र सर्वांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असतात.

हिस्सा कसा ठरतो

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४५ नुसार, वेगळा करार नसल्यास सहमालकांचे हिस्से त्यांनी भरलेल्या रकमेच्या प्रमाणात धरले जातात. कोणी किती रक्कम भरली याचा पुरावा नसेल, तर हिस्से समान मानले जातात.

समजा, दोन भावांनी ८० लाख रुपयांचे घर घेतले. थोरल्याने ५० लाख व धाकट्याने ३० लाख रुपये भरले. रकमेच्या प्रमाणात त्यांचे हिस्से अनुक्रमे साडेबासष्ट व साडेसदतीस टक्के होतात. परंतु खरेदीखतात प्रमाण लिहिलेले नसेल आणि काही रक्कम रोखीने किंवा एकमेकांच्या खात्यातून दिली गेली असेल, तर वीस वर्षांनंतर हे सिद्ध करणे कठीण जाते. अशा वेळी थोरल्या भावाचा हिस्सा निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून हिश्श्याचे प्रमाण खरेदीखतातच नमूद करावे आणि प्रत्येकाने आपली रक्कम आपल्याच बँक खात्यातून द्यावी. नंतर प्रमाण बदलायचे झाल्यास पुन्हा नोंदणीकृत दस्त करावा लागतो व त्यावर मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो.

सहकर्जदार आणि सहमालक

या दोन शब्दांतील फरक अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. सर्व सहमालकांनी सहकर्जदार व्हावे, असा बँकांचा सामान्यतः आग्रह असतो. उलट, सहकर्जदार झालेली प्रत्येक व्यक्ती मालक असतेच असे नाही. कर्जाच्या कागदांवर पत्नीची स्वाक्षरी आहे, तिच्या वेतनातून हप्ते जात आहेत, पण खरेदीखतात तिचे नाव नाही, अशी स्थिती असल्यास परतफेडीची जबाबदारी तिच्यावर राहते. घराच्या मालकीत मात्र तिचे नाव कोठेही नसते. वाद झाल्यास आपले पैसे गुंतल्याचे तिलाच सिद्ध करावे लागते.

कर्जाची जबाबदारी हिश्श्यानुसार वाटलेलीही नसते. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे संयुक्त ऋणकोंपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागण्याचा अधिकार धनकोला असतो. एकाने हप्ते थकवले, तर दुसऱ्याला ते भरावे लागतात आणि दोघांच्याही पतनोंदीला बाधा येते. पती-पत्नी विभक्त झाले व हप्ते कोणी भरायचे हे त्यांनी आपसांत ठरवले, तरी बँक त्या समझोत्याने बांधली जात नाही.

करसवलत आणि मुद्रांक शुल्क

आयकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः राहण्याच्या घरावरील कर्जाच्या व्याजासाठी वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत आणि मुद्दलाच्या परतफेडीसाठी अन्य गुंतवणुकींसह दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. सहमालक प्रत्यक्ष हप्ते भरणारा सहकर्जदारही असेल, तर प्रत्येकास आपल्या हिश्श्यानुसार ही वजावट स्वतंत्रपणे घेता येते. परंतु आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धती हाच मूळ पर्याय झाला असून तीत स्वतः राहण्याच्या घरासाठी या वजावटी नाहीत. दोघांनीही नवी पद्धत स्वीकारली असल्यास केवळ करबचतीसाठी संयुक्त खरेदी करण्याचे कारण उरत नाही.

पन्नास लाख रुपये वा त्याहून अधिक किमतीचे घर निवासी भारतीयाकडून घेताना खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करावयाचा असतो. प्रत्येकाचा वाटा पन्नास लाखांहून कमी असला, तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमतच विचारात घेतली जाते.

मुद्रांक शुल्काचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात निवासी घराची खरेदी महिलेच्या नावे झाल्यास एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. खरेदीदारांत पुरुषाचेही नाव असल्यास ती मिळत नाही. दिल्लीत मात्र पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीत महिलेच्या हिश्श्यापुरता लाभ मिळतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावे, अशी तरतूद करण्यात आली. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या गृहिणीला खरेदीखतातील नाव संरक्षण देते, हा विचार तीत आहे.

सहमालकाच्या मृत्यूनंतर

सहमालक वारल्यावर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्या सहमालकाकडे जातो, हा सर्वाधिक प्रचलित गैरसमज आहे. सामान्यतः तो हिस्सा मृत व्यक्तीच्या वारसांकडे जातो. उदाहरणार्थ, घर पती-पत्नीच्या नावे निम्मे-निम्मे आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पतीच्या निम्म्या हिश्श्याचे चार समान भाग होतात. पत्नीकडे स्वतःचा निम्मा आणि वारशाचा एक अष्टमांश, असा एकूण पाच अष्टमांश हिस्सा येतो. उरलेले तीन अष्टमांश दोन्ही मुले व सासूबाई यांचे होतात. पुढे घर विकायचे झाल्यास या सर्वांची संमती लागते, आणि मुले अज्ञान असतील तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

वडील व एक मुलगा यांच्या नावावरील घराबाबतही हेच घडते. सर्व हप्ते मुलाने भरले असले, तरी वडिलांच्या नावावरील हिश्श्यावर त्यांच्या पश्चात आई व इतर भावंडे हक्क सांगू शकतात. गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशनाने हा प्रश्न सुटत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्तीला त्यामुळे वारसांचा हक्क डावलून मालकी मिळत नाही. प्रत्येक सहमालकाने आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करणे हाच खात्रीचा उपाय होय. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना त्यांचे वारसा नियम लागू होतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते. तेथे खरेदीखतात नाव एकाचे असले, तरी घर विकताना दोघांची संमती आवश्यक ठरते.

बाहेर पडण्याचे मार्ग

सहमालकांचे पटेनासे झाल्यास तीन मार्ग उरतात. पहिला, एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणे. दुसरा, सर्वांनी मिळून घर विकणे व रक्कम वाटून घेणे. तिसरा, न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करणे. कर्ज बाकी असेल, तर पहिल्या दोन मार्गांसाठी बँकेची संमती लागते. हिस्सा घेणाऱ्याचे उत्पन्न एकट्याने कर्ज फेडण्यास पुरेसे आहे का, हेही बँक तपासते.

सदनिकेचे प्रत्यक्ष तुकडे करता येत नाहीत. अशा वेळी वाटप कायदा, १८९३ प्रमाणे निम्मा वा अधिक हिस्सा असलेल्यांनी विनंती केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. इतर सहमालकांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीस तो हिस्सा घेण्याची संधी असते. हिस्सा बाहेरच्या व्यक्तीला विकता येतो, पण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या खरेदीदाराला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. साहजिकच अशा हिश्श्याला चांगली किंमत मिळणे कठीण असते.

निर्णय कसा घ्यावा

दोघांचेही उत्पन्न असलेल्या, एकत्र राहणाऱ्या पती-पत्नीसाठी संयुक्त खरेदी बहुधा योग्य ठरते, मात्र तिच्या जोडीला दोघांची मृत्युपत्रे असावीत. आई-वडिलांसह घर घेताना इतर भावंडांना पूर्वकल्पना द्यावी. भावंडांनी विवाह, बदली व परदेशगमन या शक्यता आधीच विचारात घ्याव्यात. मित्रांनी लेखी कराराविना असा व्यवहार करू नये. मित्राच्या नावे घर घेऊन पैसे स्वतः भरणे तर पूर्णपणे टाळावे, कारण बेनामी व्यवहारविषयक कायद्यात जवळच्या नातलगांना असलेली सूट मित्रांना नाही.

नोंदणीपूर्वी सहमालकांनी पुढील बाबी लिहून ठेवाव्यात :

१. प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाने भरावयाची रक्कम.
२. हप्ता, देखभाल खर्च व मालमत्ता कर यांची वाटणी.
३. एखाद्याची नोकरी गेल्यास हप्ते कोणी व किती काळ भरायचे.
४. हिस्सा विकायचा झाल्यास तो प्रथम सहमालकाला देऊ करण्याची अट, आणि किंमत ठरवण्याची पद्धत.

या चार बाबींवर आज मोकळेपणाने बोलणे ज्यांना अवघड वाटते, त्यांच्यासाठी संयुक्त मालकी सोयीची ठरण्याची शक्यता कमी आहे. अशांनी एकाच्या नावे लहान घर घेणे किंवा काही काळ भाड्याने राहणे अधिक सुरक्षित. ज्यांचे यावर एकमत होते, त्यांनी ते वकिलाकडून कागदावर उतरवून घ्यावे आणि त्यानंतरच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढावी.