नखे कापणारा गिटारवादक

मोबाइल नवेनवे आले तेव्हाची गोष्ट आठवा. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, अगदी नाटक रंगात आले असतानाही नोकियाची ती एकच धून वाजे आणि दहा जण आपापले खिसे चाचपत. १९९४ पासून फोनवर ऐकू येऊ लागलेली ही धून कंपनीने बांधलेली नव्हती. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या ‘ग्रान वाल्स’ या रचनेतला तो एक तुकडा.

तारेगाचा जन्म १८५२ चा, पूर्व स्पेनमधल्या विलारेआल गावचा. लहानपणी पाटात पडून त्याचे डोळे अधू झाले, असे सांगतात. उद्या दृष्टी गेलीच, तर पोरगा वाजवून तरी पोट भरेल, या हिशेबाने वडिलांनी त्याला संगीताला घातले. पहिले शिक्षकही अंधच होते. वडिलांचा ओढा पियानोकडे. कारण गिटार म्हणजे गुत्त्यातली करमणूक, असाच तेव्हाचा समज. १८७४ मध्ये तो माद्रिदच्या संगीत विद्यालयात गेला, पण रमला गिटारमध्येच. पियानो मात्र वाया गेला नाही. शोपँ, बेथोव्हेन, अल्बेनिझ यांच्या पियानोच्या रचना त्याने सहा तारांवर उतरवल्या. दहा बोटांचे काम एका हाताच्या चार बोटांनी छेडायचे, म्हणजे कोणते स्वर सोडायचे हे नेमके कळायला हवे!

पुढे बार्सिलोनात मैफली आणि शिकवण्या यांवर त्याचे घर चाले. मिगेल ल्योबेत, एमिलिओ पुहोल हे त्याचे नामवंत शिष्य. स्वतः त्याने शिक्षणाचे पुस्तक लिहिले नाही. सगळी विद्या समोरासमोर बसून दिलेली.

पन्नाशीच्या सुमारास या माणसाने उजव्या हाताची नखे कापून टाकली. नखाने छेडलेला स्वर खणखणीत, लांबवर पोचणारा. बोटाच्या मांसल टोकाने तो मऊ, भरीव होतो, पण लहानही होतो. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत तो पोचणे कठीण. तारेगाने नाद निवडला, रांगा सोडल्या. मला हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा वाटतो आणि तरीही त्याचा हेवा वाटतो.

त्या नव्या स्वराचे सुख त्याला फार काळ लाभले नाही. १९०६ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजूच लुळी पडली. १५ डिसेंबर १९०९ रोजी तो गेला.

शिष्यांत मात्र वाटणी झाली. ल्योबेतने नखे ठेवली आणि देशोदेशी मैफली गाजवल्या. पुहोलने ती कापली, आणि गुरूने न लिहिलेली पद्धत १९३० च्या दशकापासून खंडाखंडाने लिहून काढली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)